ओटीपीवर वही गायची कशाला म्हणे!

गिरणाकाठ:
काल इथं कुणीतरी लिहिलं, "सायबर जागृतीसाठी वहीगायन (डफावर गायची आपली खान्देशी लोककला), भिंतीवरची चित्रं, हे सगळे अनुदान खायचे धंदे. सायबर फसवणूक कळवायचा 1930 नंबर पाठ करा, विषय संपला." डोकं तडकलं वाचून. नंबर लावायला आधी आपण फसलोय हे कळावं लागतं ना! माझ्या आईला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. होती एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये चोरटं अ‍ॅप घुसवणारी. ऐन लग्नसराई, तिनं उघडली. केळीचे पैसे गेले आणि लाजेपायी चार दिवस ती घरात बोलली नाही. बँकेचे इशारे तिला येतात, ती वाचत नाही. कानबाई देवीच्या जागराच्या रात्री डफावर कुणी या पत्रिकेची फजिती गायली असती, तर जन्मभर विसरली नसती.

धुळेकर_जुना:
तो 'कुणीतरी' मीच. आईंचं वाईट वाटलं. पण आपल्या धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा विसरलात? 1 जुलै 2018, बाजाराचा दिवस. पोरं पळवणारे समजून भिक्षा मागत फिरणारे पाच डवरी गोसावी ठेचून मारले. त्या साली देशभर फिरलेला, मोटारसायकलवरून पोर उचलल्याचा व्हिडिओ म्हणजे मुळात कराचीतली जनजागृतीची फिल्म! शेवटी पोर परत आणून देतात, तेवढंच कुणी कापलं. तुमच्या वहीचंही रील होईल, मग बसा.

गिरणाकाठ:
म्हणून तर वही. समोर बसून ऐकणाऱ्याचा शेवट कोण कापणार?

केळीबाग_रावेर:
वही कोणत्या बोलीत पण? खान्देश म्हटलं की तुमची अहिराणी. आम्ही लेवा बोलणारे काय पाहुणे?

पांझराकाठ:
झालं सुरू लेवाचं तुणतुणं. ओटीपी चोरणारा बोली विचारून चोरतो का?

केळीबाग_रावेर:
तुणतुणं तुमचं! जिल्हा परिषदेच्या भिंतीपासून लग्नाच्या डीजेपर्यंत सगळीकडे तुम्हीच.

अक्राणीकर:
भांडा तुम्ही दोघं. इकडे पावरी-भिलोरी बोलणाऱ्याला दोन्ही परकीच. रेंजसाठी टेकडी चढतो, रेशनला अंगठा उमटला नाही तर हात हलवत परत. खासगीपणा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टानं 24 ऑगस्ट 2017 ला सांगितलं. आमच्याकडे आधारची झेरॉक्स कुणीही मागतो. फसवणुकीवर सगळेच गातील. या अंगठ्यावर गाणार आहे का कुणी?

धुळेकर_जुना:
यावर गाणार असाल तर पहिल्या रांगेत बसतो. अनुदान मिळणार नाही, एवढं लिहून ठेवा. गिरणाकाठ, पैसे आले का परत?

गिरणाकाठ:
नाही. लगेच कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येते. आम्ही 1930 लावला पाचव्या दिवशी. हो, तुमचाच नंबर.