सप्टेंबरातली कॅरिबियन क्रूझ : अनुभव हवेत

शेवंती
आई-बाबा सध्या आमच्याकडे अटलांटाला आलेत. मायामीहून सात रात्रींची क्रूझ सप्टेंबरात नाताळच्या निम्म्या दरात मिळतेय, पण निवडायला बोटीच कमी. हरिकेनचे दिवस, हे कळतं. पण सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर सांगतात आणि जून-जुलैत तर बोटी खच्चून भरलेल्या असतात! कुणी गेलंय का? ऐकीव नको, स्वतःचं सांगा.

पेडण्याचा तारवटी
अकरा वर्षं बोटीवर होतो, गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात. बोट बुडेल म्हणून फेऱ्या कमी करतात, हे आधी डोक्यातून काढा. वादळ बहुतेक वेळा ताशी १५-२५ किमीने सरकतं, आमची बोट ३५-४० ने पळते. कॅप्टन अंदाज बघून वळसा घालतो आणि निघून जातो. बंदराला कुठे पळता येतं? सगळं तिथेच अडतं.

एका सप्टेंबरात पूर्वेकडची बेटं सोडून आम्हाला मेक्सिकोतल्या कोझुमेलकडे वळवलं. वादळ लांब, पण फुगलेला समुद्र पोचतोच. जिन्याच्या कठड्यांना उलटीच्या पिशव्या खोचल्या की आम्ही समजायचो, आज जेवायला निम्मीच माणसं. पोहायचा पूल रिकामा, वर जाळी. डेकवरच्या खुर्च्या दोरीने बांधलेल्या. गॅलीत प्लेटांखाली ओली फडकी, नाहीतर सगळं घरंगळत जातं. परतायच्या दिवशी बंदर बंद. शिधा सात दिवसांचा, दिवस झाले नऊ. आधी सॅलडची पानं संपली, मग केळी. दूध कॉफीपुरतं राखून ठेवलं. तिकडे पुढच्या फेरीचे लोक बॅगा घेऊन हॉटेलात ताटकळत, आणि करार संपवून घरी निघालेल्या (साइन ऑफ) आमच्या पोरांची विमानं चुकली ती वेगळीच. असा खोळंबा एकदा झाला की दोन फेऱ्यांचा हिशेब बिघडतो.

आकडेमोड्या
तारवटींच्या म्हणण्यात भर. क्रूझची बुकिंगं करणं हाच माझा धंदा, त्यामुळे सांगतो, वादळ हे अर्धंच कारण. जून-जुलैत अमेरिकेत शाळांना सुट्टी, आणि समुद्रही पुरता तापलेला नसतो. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पाणी सगळ्यात गरम. आफ्रिकेकडून येणारे हवेचे झोत त्यावर पोसले जाऊन त्यांची वादळं होतात. १० सप्टेंबरच्या आसपास सरासरी शिखर. आणि नेमक्या तेव्हाच शाळा सुरू! गिऱ्हाईक नाही, वर जोखीम. मग तीच बोट अलास्काला किंवा भूमध्य समुद्रात ठेवलेली बरी. नाहीतर पानं रंगतात त्या दिवसांत न्यू इंग्लंड-कॅनडा. बोट पाण्याबाहेर काढून दुरुस्तीला (ड्राय डॉक) ठेवायलाही हेच दिवस सोयीचे. नोव्हेंबरात परत कॅरिबियन. मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात सरळ बंद होतात, तसं मात्र इथे नाही.

टॅम्पाकर
ऑक्टोबर २०२४, मिल्टन हरिकेन. आम्ही समुद्रात मजेत, घर फ्लोरिडात! ९ तारखेला रात्री वादळ किनाऱ्याला धडकलं. आम्ही बुफेच्या रांगेत उभे राहून फोनवर आमच्याच गल्लीत साचलेलं पाणी बघत होतो. बंदर बंद, दोन दिवस जास्तीचे. ते फुकट होते, पण घास गिळवत नव्हता.

चतुर (नसलेला)
विमा वादळाला नाव मिळायच्या आधी घ्या. मी नंतर घेतला. "आधीच माहीत असलेली घटना" म्हणून क्लेम नाकारला. चुकलेल्या बंदराची फी तेवढी परत आली. मार्ग बदलल्याची भरपाई नसते, ते तिकिटाच्या अटींत लिहिलेलंच असतं.

गोडबोले काकू
आम्ही सप्टेंबरातच गेलो, अरुबा-कुरासाव. ती बेटं इतकी दक्षिणेला आहेत की वादळं सहसा वरून जातात. आठ दिवस लख्ख ऊन. उगाच घाबरवू नका हो पोरीला.

फ्रंट स्ट्रीट
मी कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावर, फिलिप्सबर्गमध्ये दागिन्यांच्या दुकानात हिशेब बघायचो. मालक सिंधी. तिथे "आज किती बोटी?" यावर दिवस ठरतो: चार असल्या तर जेवायला फुरसत नाही, एकही नसली तर शटर अर्धं. सप्टेंबरात बोटी नाहीत म्हणून मालक तेव्हाच रजा देत, आणि मला गणपती मिळे. २०१७ ला ५ सप्टेंबरला चिपळूणला विसर्जन केलं. दुसऱ्या दिवशी तिकडची सकाळ, इथली संध्याकाळ, इर्मा हरिकेन त्या बेटावरून गेलं. वारा ताशी २९० किमीच्या वर. मालकांचा फोन चौथ्या दिवशी लागला. म्हणाले, छप्पर गेलं, तू घाई करू नकोस. बोटी परत यायला डिसेंबर उजाडला. तोवर मी गावीच, बिनपगारी. त्या दिवसांत काही कंपन्यांनी ठरलेल्या फेऱ्या रद्द करून बेटांवरची माणसं हलवायला बोटी पाठवल्या, हेही नोंदवून ठेवा.

शेवंती
सगळ्यांचे आभार. बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं. आई म्हणते जानेवारीत परत येऊ. बाबा म्हणतात, त्या काकूंना विचार, अरुबाची बोट कुठून सुटते?