वेरूळचं कैलास परग्रहवासीयांनी कोरलं म्हणे!

कातळवेडा

तो व्हिडिओ परत फिरायला लागलाय. वेरूळचं सोळा नंबरचं लेणं, म्हणजे कैलास, माणसाच्या हातून होणं शक्यच नाही. चार लाख टन दगड, अठरा वर्षं, रोज बारा तास काम धरलं तरी तासाला पाच टन. सबब बाहेरच्या ग्रहावरून कुणीतरी आलं होतं.

हा धंदा जुना आहे. १९६८ साली एरिक फॉन डेनिकेन नावाच्या स्विस हॉटेल मॅनेजरनं पुस्तक लिहून तो जगभर नेला. तेव्हा पिरॅमिड होते, पेरूतल्या नाझ्काच्या रेषा होत्या, मेक्सिकोतल्या पालेंकेच्या राजाच्या थडग्यावरचं झाकण होतं. आता आपला नंबर लागलाय.

व्हिडिओवाल्यांचा आकडाच घेऊ. कैलासाचा खड्डा सुमारे ८२ मीटर लांब, ४६ मीटर रुंद आणि मागच्या बाजूला साधारण ३० मीटर खोल. तिन्हींचा गुणाकार १ लाख १३ हजार घनमीटर. काळा पाषाण घनमीटरला २.९ टन धरला तर हे अख्खं खोकं काठोकाठ भरून सव्वातीन लाख टनांच्या आसपास जातं. पण ते खोकं नाहीच! डोंगर उतरता आहे, तीस मीटर खोली फक्त मागे. आणि मधोमध देऊळ, हत्ती, स्तंभ उभे ठेवलेत, ते काढलेच नाहीत. बाजूच्या ओवऱ्या आणि लंकेश्वराचं लेणं मिळवूनसुद्धा माझा अंदाज दोन लाखांच्या आसपास थांबतो. चार लाख आले कुठून?

आणि अठरा वर्षं कुठून आली? राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण साधारण ७५६ ते ७७३ गादीवर होता. त्याची अख्खी कारकीर्द उचलून 'बांधकामाचा काळ' म्हणून चिकटवलेली दिसते. काम त्याच्या आधी सुरू झालं आणि नंतरही चालू राहिलं असं मानणारे अभ्यासक आहेत.

तरी दोन लाख टन, अठरा वर्षं, वर्षाला तीनशे दिवस धरा. रोजचे ३७ टन. एका माणसानं दिवसाला दीडशे किलो दगड फोडला तर अडीचशे माणसं पुरतात. चालुक्यांचं राज्य गिळलेल्या सम्राटाला अडीचशे पाथरवट जड नव्हते.

---

शून्यप्रहर

गणित छान, पण एका गृहीतकावर उभं आहे. दीडशे किलो ठरवलं कुणी? काळा पाषाण आहे तो, मुरूम नाही. शिवाय तुम्ही फक्त फोडायचा हिशेब केलात, कोरायचा नाही. वरून खाली कोरायचं म्हणजे चूक झाली की संपलं; दगड परत चिकटवता येत नाही. कळस आधी कोरताना खाली हत्ती किती उंचीवर येणार हे डोक्यात पक्कं असायला हवं. कागद नाही, कॉम्प्युटर नाही.

आणि काढलेला दगड गेला कुठे? दोन लाख टन म्हणा. ढीग दाखवा.

मी परग्रहवासी आलेच होते असं म्हणत नाही. पण 'छिन्नी-हातोड्यानं झालं, विषय संपला' हेही मला पटत नाही.

---

छिन्नीहातोडा

माझ्या घरात तीन पिढ्या दगडाचं काम होतं, आजोबांबरोबर खाणीवर गेलोय, म्हणून बोलतो.

शून्यप्रहरदादा, वरून खाली कोरणं अवघड नाही, सोपं आहे. चिऱ्यावर चिरा चढवून देऊळ बांधायचं तर परांची हवी, दगड वर न्यायचा, बसवायचा, एक घसरला तर माणसं चिरडायची. इथे दगड चढवायचाच नाही. तुम्ही उभे राहता तीच तुमची परांची, ती रोज थोडी खाली जाते.

फोडायची रीत अशी. अख्खा दगड छिन्नीनं कुरतडत कुणी बसत नाही. दोन चर पाडायचे, मधे वरंबा राहतो, तो घणानं उडवायचा. ढलपेच्या ढलपे निघतात. बारीक काम शेवटी, आणि तेही सगळ्यांच्या हातात देत नाहीत. शंभरातले दहा जण मूर्ती करतात, बाकीचे फोडतात, वाहतात. आणि एक माणूस लागतोच, त्याला सगळे विसरतात: लोहार. छिन्नी दिवसातून कितीदा बोथट होते. भात्यावर लाल करायची, ठोकून टोक काढायचं, मग पाणी द्यायचं. पाणी जास्त झालं तर टोक तुटतं, कमी झालं तर दबतं. रंग बघून कळतं. आजोबा म्हणायचे, लोहार चांगला असला तर पाथरवट चांगला.

दिवसाला दीडशे किलो? रट्ट्याचा गडी याहून जास्त पाडतो.

ढिगाचं म्हणाल तर फोडलेला काळा दगड कोण सोडतं हो? आमच्याकडे खाणीची कपचीसुद्धा पायाभरणीला जायची. बाराशे वर्षं मिळाली लोकांना.

---

गगनविहारी

दोन्ही बाजू परकीय चष्म्यातून बघताय. परग्रहवासी कशाला हवेत? आपल्या पूर्वजांकडेच विमानविद्या होती. भरद्वाजांचं वैमानिक शास्त्र वाचा. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी. हे शाळेत शिकवत नाहीत. डेनिकेन आपल्याच ग्रंथांतली विमानं घेऊन त्यात परग्रहवासी बसवतो आणि आपण टाळ्या वाजवतो.

---

चहाबाज

झालं. धाग्याचं विमान उडालं.

---

पैठणकरीण

@गगनविहारी, 'वैमानिक शास्त्र' पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगितलं आणि ते उतरवून घेतलं गेलं. १९७४ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी ते तपासलं. भाषा आणि मजकूर पाहून हा ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही, आणि त्यातली यंत्रं उडू शकत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. तळपद्यांनी प्रयोग केले असतील, त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण ते विमान उडाल्याचा त्या काळचा ठोस पुरावा कुणी पुढे ठेवलेला नाही. २०१५ च्या मुंबईतल्या सायन्स काँग्रेसमध्ये हाच विषय आला तेव्हा जगभर हसं झालं, ते वेगळंच.

आता कैलासाबद्दल. या लेण्याचा जुना लेखी उल्लेख आपल्याकडे आहे, तो या व्हिडिओत कधीच येत नाही. गुजरातेतल्या राष्ट्रकूट शाखेच्या कर्कराजाचा बडोद्याचा ताम्रपट, साधारण इ.स. ८१२चा. त्यात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, डोंगरावर कृष्णराजानं करवलेल्या देवळाचं वर्णन आहे. विमानातून जाणारे देव ते बघून थक्क होतात, हे स्वयंभू असणार, माणसाच्या कलेत एवढं सौंदर्य कुठलं, असं म्हणतात. आणि ज्यानं ते केलं तो शिल्पीसुद्धा शेवटी चकित होतो की हे माझ्या हातून झालं तरी कसं!

म्हणजे आकाशातून येणारे त्या कवितेत आहेत, पण प्रेक्षक म्हणून. हात शिल्प्याचा.

---

शून्यप्रहर

पैठणकरीणताई, हाच माझा मुद्दा! ताम्रपट साधारण अर्धशतक नंतरचा. कविता आहे, बांधकामाची नोंद नाही. किती माणसं, किती वर्षं, कोणती हत्यारं, यातलं काही नाही. त्या काळच्या लोकांनाच ते अमानवी वाटलं हे तर तुम्हीच सांगितलंत.

पिरॅमिडबद्दल मी गप्प बसेन. तिथे २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल जर्फला मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी सापडली. खुफूच्या, म्हणजे मोठा पिरॅमिड बांधवणाऱ्या राजाच्या, काळातली. आज तुराच्या खाणीतून चुनखडी भरली, अमुक दिवशी गिझाला पोचलो, असं साडेचार हजार वर्षांपूर्वीचं पपायरस. तिथे परग्रहवासी म्हणणारा मूर्खच. आपल्याकडे असा एक तरी कागद दाखवा.

---

कातळवेडा

कागद नसला की परग्रहवासी, हा न्याय लावला तर पेशवाईच्या आधीचं अर्धं महाराष्ट्र परग्रहवासीयांनी बांधलं म्हणावं लागेल. डोंगरातल्या बहुतेक गडांच्या बांधकामाचा हिशेब कुणाकडे आहे?

पण कागदापेक्षा चांगली गोष्ट आहे: वंशावळ. कैलास आकाशातून पडावं तसं एकदम उगवलेलं नाही. सातव्या शतकात पल्लवांनी महाबलीपुरमला अख्ख्या कातळातून रथ कोरले, छोटे, काही अर्धवट. मग कांचीचं कैलासनाथ, सातशेच्या आसपास. मग चालुक्यांच्या विक्रमादित्य दुसरा यानं कांची जिंकली, आणि त्याची राणी लोकमहादेवी हिनं पट्टदकलला विरूपाक्ष बांधवलं, ७४० च्या सुमारास. आणि त्यानंतर वेरूळचं कैलास. विरूपाक्ष आणि कैलास यांचे आराखडे शेजारी ठेवा. समोर नंदीमंडप, मग सभामंडप, मग गाभारा, वरचं शिखर दाक्षिणात्य थाटाचं. साधारण शंभर वर्षांत एकच कल्पना मोठी मोठी होत गेलेली दिसते.

आणि तुम्हाला माणसाचं नाव हवं ना? विरूपाक्षाच्या शिलालेखात स्थपतीचं नाव आहे: गुंड अनिवारिताचारी. राजानं त्याला पदव्या दिल्या. कैलासाच्या आधीच्या पिढीतला हाडामांसाचा माणूस.

परग्रहवासीयांनी कोरलं असेल तर त्यांनी आधी चालुक्यांकडे शिकाऊ उमेदवारी केली होती असं म्हणावं लागेल.

---

तारांगण

मला दोन्ही बाजूंच्या आवेशाची थोडी गंमत वाटते. परग्रहावरून कुणी कधी आलं असेल का, हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. कार्ल सेगन या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ श्क्लोव्स्की याच्याबरोबर लिहिलेल्या पुस्तकात ही शक्यता गांभीर्यानं मांडली होती, जुन्या कथा तपासून बघाव्यात असंही सुचवलं होतं. तोच सेगन नंतर डेनिकेनवर तुटून पडला. प्रश्नावर नाही, पुरावा तपासायच्या पद्धतीवर.

पुरावा कसा असतो ते बघायला वेरूळहून लोणारला जा. तिथे खरोखर आकाशातून काहीतरी आलं. जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, काळ्या पाषाणातलं. बराच काळ लोक त्याला ज्वालामुखीचं तोंड समजत. १९७०च्या दशकात तिथल्या खडकात आघातानं काच झालेलं खनिज सापडलं. तसा दाब ज्वालामुखीत तयार होत नाही. वाद मिटला.

म्हणजे नुसता एक दगड येऊन आदळला तर तो इतका माग ठेवतो. आणि ज्यांनी दोन लाख टन कातळ कापला, त्यांच्या यंत्राचा एक स्क्रू नाही, अनोळखी मिश्रधातूचा कण नाही, वितळलेल्या दगडाचा थर नाही. आहेत त्या छिन्नीच्या खुणा.

---

रानभूत

एक वेगळं बोलू? हे परग्रहवासी नेमके इजिप्त, पेरू, भारत इथेच का उतरतात? आफ्रिकेतलं ग्रेट झिम्बाब्वे हे जुनं दगडी शहर सापडलं तेव्हा गोऱ्यांनी ते शेबाच्या राणीचं, फिनिशियन लोकांचं ठरवलं. स्थानिकांचं सोडून कुणाचंही. १९०५ मध्ये रँडल-मॅकायव्हरनं आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसननं खणून दाखवलं की ते तिथल्याच लोकांचं आहे. शेबाची राणी गेली, तिच्या जागी परग्रहवासी आले. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला कुणी विचारत नाही.

---

शून्यप्रहर

स्टोनहेंज कुठे आहे मग? इंग्लंडात. त्यावरही परग्रहवासीयांची पुस्तकं आहेत. प्रत्येक गोष्टीत वर्णद्वेष शोधू नका. नोत्र दामच्या नोंदी आहेत म्हणून कुणी विचारत नाही, एवढं साधं आहे.

---

रानभूत

स्टोनहेंज मान्य. पण तोही नोंद ठेवणाऱ्यांच्या आधीचाच, हे बघा. ज्यांनी लिहून ठेवलं नाही त्यांच्या हातावर शंका. आमच्या छिन्नीहातोडादादांच्या आजोबांनी तरी कुठे काय लिहून ठेवलंय?

---

छिन्नीहातोडा

अंगठा लावायचे. पण त्यांनी घडवलेलं जातं अजून दळतं.

---

चहाबाज

व्हिडिओत ती छोटी भोकं दाखवतात, 'यात माणूस मावत नाही, मग कोण जायचं?' अहो, पावसाचं पाणी जायचं. चारी बाजूंनी भिंती असलेला उघडा खड्डा आहे, मराठवाड्यात असला तरी जुलैत पाणी साचतंच की.

---

पैठणकरीण

वरून खाली कोरण्यावर आपल्याच मराठीत एक गोष्ट आहे, म्हणून राहवत नाही. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त आहे. एक राजा आजारी पडतो, राणी माणिकावती घृष्णेश्वराला नवस बोलते की राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा होतो. आता देऊळ होईस्तोवर राणी जगणार कशी? सगळे कारागीर हात टेकतात. मग पैठणचा कोकस येतो आणि आधी कळसच कोरून काढतो. आठवड्यात राणीचा उपास सुटतो.

दंतकथाच, साताठशे वर्षांनंतरची. पण बघा, लोकांना प्रश्न पडला होता की हे वरून का कोरलं, आणि उत्तर म्हणून त्यांनी कारागिराची हुशारी उभी केली. कोकसाच्या गावची असल्याचा मला थोडा अभिमान आहे, हे कबूल.

---

गगनविहारी

घृष्णेश्वराचं देवत्व मान्य, कोकस मान्य, फक्त भरद्वाज अमान्य. चालू द्या.

---

कातळवेडा

@शून्यप्रहर, तुमचा 'चूक झाली की संपलं' हा मुद्दा खरा आहे, आणि त्याचा पुरावा वेरूळलाच पडून आहे. जैन लेण्यांकडे गेलात तर तीस नंबर लागतं, छोटा कैलास. त्याच पद्धतीनं वरून कोरायला घेतलेलं, आकारानं लहान, आणि अर्धवट सोडलेलं. अजिंठ्याला चोवीस नंबरही तसंच अर्धवट. पुरं झालं असतं तर तिथल्या सगळ्यात मोठ्या विहारांत गणलं गेलं असतं. आत खांब निम्मे सुटलेत, निम्मे कातळातच अडकलेत, मधे माणूस शिरेल एवढ्या गल्ल्या पाडलेल्या. छिन्नीहातोडा म्हणतात ते चर आणि वरंबे तिथे हात लावून बघता येतात. पैसा संपला, राजा बदलला, काहीही झालं असेल. यानातून आलेल्या पाहुण्यांचं काम असं मधेच अडत नसतं.

---

शून्यप्रहर

तीस नंबर मी बघितलेलं नाही. बस सोळापाशी थांबते, सगळे तिथेच फिरून परततात. बघून येतो. पण तुमचे दीडशे किलो मी अजून मानलेले नाहीत. छिन्नीहातोडादादा, एक तास काळा दगड फोडून वजन करून दाखवा, मग बोलू.

---

छिन्नीहातोडा

या की. हातोडा माझा, हात तुमचे.

---

पैठणकरीण

जाणार असाल तर मंगळवार टाळा, वेरूळ बंद असतं. जैन लेणी सोळापासून बरीच लांब आहेत, उन्हात चालत जाऊ नका.