दुप्पट परत घ्या, पण वेलवर्गीयांचं बी वेगळं ठेवा

बियाण्यांच्या ग्रंथालयासाठी, म्हणजे पुस्तकांसारखं बी नेऊन परत आणण्यासाठी, ‘एक वाटी न्या, सुगीनंतर दोन वाट्या आणा’ ही पद्धत सुचवली जाते. ती मलाही आवडते. कोंभाळणे गावच्या, देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांनी अशा देवाणघेवाणीतूनच गावठी बियाणं घरोघरी पोचवलं. पण हा नियम सरसकट सगळ्या बियांना लावू नका. वाल, घेवडा, चवळी यांचं बी सहसा जातिवंत, म्हणजे मूळ वाणासारखंच राहतं. दुधी, दोडका, काकडी या वेलवर्गीयांचं तसं नाही. तिथे कीटक एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर नेतात. दुधीचा दोडक्याशी संकर होत नाही, पण शेजारच्या परसातल्या वेगळ्या दुधीशी होतो. त्या वर्षीचं फळ नेहमीसारखंच लागतं, फरक दिसतो तो पुढच्या पिढीत.

आमच्याकडे परत आलेल्या बियांतून एका वेलाला कडू दुधी लागले. कडू दुधी विषारी ठरू शकतो, म्हणून फोड चाखून, कडू लागली तर थुंकून सगळा दुधी टाकायचा, हे बी देतानाच सांगायला हवं. आता आम्ही बियाण्यासाठीचं फूल हाताने फळवतो. ज्या कळीमागे बोटाएवढा लवदार दुधी असतो ती मादी. दुपारीच तिला आणि एका नरकळीला दोरा बांधायचा. संध्याकाळी पांढरी फुलं उमलू लागली की नराच्या पाकळ्या काढून पराग मादीवर हलकेच फिरवायचे, मादी पुन्हा बांधायची आणि देठाला रंगीत चिंधी लावायची. बियाण्यांच्या ग्रंथालयात फक्त चिंधीवाल्या फळाचं बी घेतो.