इफिसकरांस 1:3 मध्ये फ्लॅट कुठे लिहिलाय?

नगरकर: काल मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साक्ष आली: '21 दिवस उपास केला, वाकडला टू बीएचके मिळाला. इफिसकरांस 1:3. तुमचा आशीर्वाद अडलाय? विश्वास तपासा.' खाली पासष्ट आमेन. अहो, पौलाच्या पत्रातलं हे वचन म्हणतं, देवाने ख्रिस्तात आपल्याला 'प्रत्येक आध्यात्मिक आशीर्वाद' दिला आहे. पुढच्या ओळी तरी वाचा! निवड, दत्तकपण, पापांची क्षमा, पवित्र आत्म्याचा शिक्का. पौल बंदिवासात बसून लिहितोय, आणि 'दिला आहे' म्हणतोय, 'देईल' नाही. माझे वडील पक्षाघाताने चार वर्षं अंथरुणावर होते. मंडळीतले एक भाऊ आले, डोक्यावर हात ठेवला आणि जाताना म्हणाले, "काका, विश्वास कमी पडतोय." वडलांना बोलता येत नव्हतं, डाव्या हाताने चादरीची कड गोळा करत राहिले. त्या भावांना आईने चहा दिला, याचा मला अजून राग येतो.

पिंपरीचा: फ्लॅट देवाने दिला म्हटलं की पोटात का दुखतं? रोजची भाकर मागायला प्रभूनेच शिकवलं. माझी दारू प्रार्थनेत सुटली. दारू सुटली म्हणून पगार घरी आला, पगार आला म्हणून घर झालं. यात आध्यात्मिक कुठे संपलं ते दाखवा. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली विश्वासावरच पोसल्या ना?

नगरकर: त्याच रमाबाईंना पुढे ऐकू येईनासं झालं. 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, 1922 मध्ये त्या स्वतः. कुणाचा विश्वास कमी पडला, सांगा ना.

वसईकरीण: भांडा भांडा. 'कृपेनेच, कर्मांनी नव्हे' म्हणत आयुष्यभर आम्हा कॅथलिकांना टोमणे, आणि स्वतः 21 दिवस मोजताय! 1999 मध्ये जर्मनीत ऑग्सबर्गला लुथरन प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोघांनी सह्या केल्या, पापातून तारण देवाच्या कृपेनेच म्हणून. तुमच्या ग्रुपवर पोचलं नाही वाटतं.

पिंपरीचा: वांद्र्याच्या माउंट मेरीला नवसाचं मेणाचं घर कोण वाहतं मग?

वसईकरीण: आलात मेणावर! मी मेणाचं बाळ वाहिलंय. सासूबाईंनी जत्रेत घेतलं, रांगेत उन्हाने पाय मऊ होऊन वाकले, ते सरळ करत पुढे सरकत होते. बाळ झालं नाही. पण वर कुणी 'तुझा विश्वास तपास' म्हणालं नाही. मेण घेणारे कितीतरी हिंदू असतात, त्यांनाही कुणी बायबलचं वचन विचारत नाही.

पेटीवाला: मेणाचं राहू द्या. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग बंद पडले त्याचं काय? आमच्याकडे पेटी कपाटात आणि वेदीजवळ ड्रमसेट. हिंदी कोरसात 'आशीष' शब्द मी एका उपासनेत चौदा वेळा मोजला.

पिंपरीचा: तुम्ही उपासनेला मोजायला जाता का? आणि ताई, नवस तो नवसच.

वसईकरीण: असेल. मंडळीला पगाराचा दहावा हिस्सा देता, त्या दशमांशापेक्षा स्वस्त पडतो. आमच्या मेणवाल्याला पगाराची स्लिप दाखवावी लागत नाही.

पेटीवाला: हे मात्र शंभर टक्के. आमच्याकडे पाकिटावर नाव आणि रक्कम दोन्ही लिहायला लावतात.

पिंपरीचा: दशमांश माझा, त्रास तुम्हाला. असो. नगरकर, चादरीचं परत वाचलं. त्या भावांचं चुकलं. बस, एवढंच मान्य. आमेन मी मागे घेणार नाही.

नगरकर: म्हणजे पासष्टांत तुम्ही होतात!