गिरगाव सोडताना वाटणारे दुःख : खरे की परवडणारे?

धागाकर्ता (गिरगावकर) :
येत्या मे महिन्यात मी बँकेच्या नोकरीतून निवृत्त होईन. गिरगावातल्या ज्या दहा बाय अठराच्या खोलीत लहानाचा मोठा झालो, ती सोडून संगमेश्वर तालुक्यातल्या आजोबांच्या घरी राहायला जायचे आम्ही उभयतांनी ठरवले आहे. ऐकणारा प्रत्येक जण "गावी परत जाताय, छान झाले" असे म्हणतो आणि मला नेमका तो 'परत' खटकतो. गाव सोडून मुंबईला आले ते आजोबा. माझे गाव मे महिन्याच्या सुट्टीपुरते आणि गणपतीच्या पाच दिवसांपुरते होते. तिथे मला आजही 'मुंबईवाले' म्हणतात.

दुसरीकडे, मी गिरगाव सोडण्याआधी गिरगावच मला सोडून गेले, असेही वाटते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या तेहतीस लाखांवरून एकतीस लाखांच्या खाली आली, हे जनगणनेचे आकडे सांगतात. आमच्या मजल्यावरच्या कुलूपबंद खोल्या तेच सांगत होत्या. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो गिरगावात थांबते. त्या स्थानकासाठी ज्या जुन्या इमारती पाडल्या गेल्या, त्यांतल्या एकीत माझा शाळासोबती राहत असे. सोय उत्तम झाली हे मी नाकारत नाही, मात्र स्थानकाचा जिना उतरताना दर वेळी त्याच्या घराची आठवण होते.

आणि तरीही, खरे सांगायचे तर, मला सुटल्यासारखेही वाटते आहे. पहाटेचे पाणी गेले की दिवस संपला आणि सामाईक शौचालयापुढे बादली घेऊन उभे राहायचे, हे साठाव्या वर्षी नको वाटते. या सुटकेची लाज वाटावी का, एवढाच माझा प्रश्न आहे.

डोंबिवलीकर :
लाज वाटू नये, परंतु दुःखाचा फार गाजावाजाही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला तेव्हा वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात होते. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही आणि त्यांची गिरणीही त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. परळची खोली पागडीने दिली, म्हणजे रक्कम घेऊन भाडेकरूचा हक्क दुसऱ्याला दिला, त्यातले ठरलेले एक तृतीयांश घरमालकाने घेतले, उरलेल्यातून कर्ज फिटले आणि आम्ही डोंबिवलीला आलो. त्या वेळी आम्हाला संमिश्र भावना वगैरे काही नव्हत्या. होती ती सकाळची गाडी पकडण्याची धडपड. विकायला खोली आणि जायला घर, दोन्ही ज्याच्यापाशी आहे, त्यालाच असे हळहळत बसणे परवडते. शिवाय 'गिरगाव सोडून गेले' हे अर्धसत्य आहे. चांगली रक्कम आली की खोली देणारे आपल्यातलेच होते ना?

चाळीतली सून :
मला वेगळाच आक्षेप घ्यायचा आहे. "आम्ही उभयतांनी ठरवले" या वाक्यातल्या दुसऱ्या व्यक्तीला कुणी विचारले आहे का? मी १९९४ साली लग्न होऊन राजापूरकडून मुंबईत आले. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे होती, हे खरे. पण रात्री साडेदहाच्या लोकलने एकटीने घरी येण्याची आणि कुणाला जाब न देण्याची मोकळीक मला याच शहराने दिली. गावात मी अमक्याची सून असते. सासूबाईंना छातीत दुखू लागले तेव्हा टॅक्सीने पंधरा मिनिटांत केईएममध्ये पोहोचलो. तालुक्याच्या ठिकाणी प्रथमोपचार करून पुढे पाठवतात आणि त्या 'पुढे'त घाट असतो. पुरुषमंडळींना गावची ओढ वाटते, कारण चूल आणि पाहुणे यांचा हिशेब त्यांना ठेवावा लागत नाही.

देवरुखचा रहिवासी :
यावे, अवश्य यावे. फक्त आजोबांच्या घराचा सातबारा आधी काढून पाहावा. आमच्याकडे वीस-पंचवीस हिस्सेदारांच्या नावांचे उतारे सर्रास आढळतात. गणपती आणि शिमगा एवढ्यापुरते जे घर उघडते, त्याची कौले मधल्या काळात कुणी परतली, पावसाळ्याआधी पागोळ्यांखालची पन्हळ कुणी साफ केली, हे चाकरमान्यांना ठाऊक नसते. जो चुलतभाऊ हे सगळे निमूट करत आला, त्याला तुमचे कायमचे येणे सुखाचे वाटेलच असे नाही. शहराविषयीच्या भावना तुम्ही खूप तपासल्यात, गावाच्या तुमच्याविषयीच्या भावनाही तपासा.

धागाकर्ता :
उताऱ्यावर सतरा नावे आहेत, हे मान्य करतो. डोंबिवलीकरांचा रागही मान्य. त्यांच्या वडिलांच्या जाण्याशी माझ्या जाण्याची तुलना होऊच शकत नाही. सूनबाईंचा प्रश्न मी घरी वाचून दाखवला. सौभाग्यवती हसल्या आणि म्हणाल्या, "मला विचारलंत खरं, पण ठरल्यावर." त्यांची आता एकच अट आहे : दोन वर्षे खोली द्यायची नाही. अडचण अशी की भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे खोली सबळ कारणाविना सलग सहा महिने वापरात नसेल, तर घरमालक ताबा मागू शकतो. त्यामुळे दर तीन-चार महिन्यांनी येऊन येथे राहावे लागेल.

डोंबिवलीकर :
म्हणजे आजोबा गणपतीला गावी जायचे, तसे तुम्ही गिरगावात येणार. येताना फणस आणा.