परभणीहून गोमुख: एका दिवसात होईल का?

प्रश्न: सप्टेंबरअखेर चौघं निघतोय. सचखंड एक्सप्रेसने दिल्ली, पुढे हरिद्वार, उत्तरकाशी. गंगोत्रीहून गोमुख, म्हणजे गंगोत्री हिमनदीचं मुख, एका दिवसात जाऊन-येऊन होतं का?

उत्तर १: नका करू दादा. एका बाजूने १८ किमी आहे. आपण चारशे-साडेचारशे मीटर उंचीवरची माणसं, गंगोत्रीच ३,१०० मीटरच्या आसपास. उंचीची सवय व्हायला तिथे एक दिवस थांबा, दुसऱ्या दिवशी १४ किमीवरच्या भोजबासाला मुक्काम, तिसऱ्या दिवशी पहाटे गोमुख. परवाना वन विभागाचा, रोज १५० जणांनाच, आधीच काढा.

उत्तर २: वाटेतल्या चीरबासापासून भोजबासापर्यंत दरडीचा पट्टा आहे. दुपारी वारा सुटला की दगड सुटतात, तो सकाळीच पार करा. उंचीमुळे डोकं दुखून उलटी झाली तर गोळी खाऊन वर चढायचं नाही, खाली उतरायचं.

प्रश्नकर्ता: मुखाजवळ जाता येतं का?

उत्तर १: लांबूनच बघा. उन्हाने बर्फ सैल झाला की त्यात रुतलेले धोंडे आणि बर्फाचे कडे कोसळतात. आणि पांढराशुभ्र बर्फ शोधू नका, दगडमातीने झाकलेली राखाडी भिंत दिसेल. हिमनदी मागे सरकतेय, मुखाच्या नोंदी १९३५ पासूनच्या आहेत. जुन्या फोटोतली जागा आता नुसता दगडगोट्यांचा पसारा आहे.