मदत हवी आहे: ऑनलाइन भरलेला टॅक्स टाउनशिपला मिळालाच नाही म्हणतात

कवडसा | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

३० जानेवारीला ऑनलाइन पैसे भरले. त्याच दिवशी खात्यातून गेले, कन्फर्मेशन नंबर आहे. आज टाउनशिपच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) साइटवर पूर्ण रक्कम थकीत दिसतेय आणि वर व्याज लागलंय. फोन केला तर तिथल्या बाई म्हणतात, काही आलेलं नाही. बँक म्हणते, आम्ही पाठवलंय. ऑनलाइन भरलेले पैसे १३ दिवस असतात कुठे? तक्रार कुठे करायची तेवढं सांगा, घाई आहे.

हिशेबनीस | ९:५५

राज्य कोणतं? टॅक्स कसला? आणि मुख्य म्हणजे, टाउनशिपच्या साइटवर जाऊन भरलात की बँकेच्या साइटवरून? तुमच्या प्रश्नाचं सगळं उत्तर या शेवटच्या प्रश्नात आहे.

निशिगंध | १०:०२

आयआरएसचं (फेडरल टॅक्स खात्याचं) डायरेक्ट पे वापरा. खातं उघडावं लागत नाही, पैसे थेट बँक खात्यातून जातात, फी नाही. टॅक्ससाठी दुसरं काही वापरूच नये. एस्टिमेटेड (आगाऊ भरायच्या) टॅक्सचे चारही हप्ते त्यातून भरता येतात.

कवडसा | १०:१०

न्यू जर्सी. घराचा टॅक्स आहे, फेडरल नाही. बँकेच्या बिल पे मधून (बँकेच्या साइटवरून बिलं भरायची सोय) भरला. त्याने काय फरक पडतो? ऑनलाइन ते ऑनलाइनच ना.

सांजवात | १०:१८

घराचा टॅक्स एस्क्रोतून (कर्जाच्या हप्त्यासोबत टॅक्ससाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून) जात नाही का तुमचा? मॉर्गेज कंपनी भरते तो. कदाचित त्यांनी आणि तुम्ही दोघांनीही भरला असेल.

कवडसा | १०:२१

कर्ज फिटलंय. एस्क्रो नाही. टॅक्स स्वतःच भरतो.

हिशेबनीस | १०:४५

मग नीट सांगतो, कारण फरक फार मोठा आहे.

बिल पे मध्ये ऑनलाइन असते ती फक्त तुमची सूचना. पुढे पैसे दोन वाटांनी जाऊ शकतात. वीज कंपनी, फोन कंपनी, मोठी क्रेडिट कार्डं यांच्याशी बिल पे चालवणाऱ्या संस्थेची इलेक्ट्रॉनिक जोडणी असते, तिथे पैसे एक-दोन कामाच्या दिवसांत पोचतात. जोडणी नसेल तर ती संस्था कागदी चेक छापते, पाकिटात घालते आणि साध्या टपालाने पाठवते. छोटी टाउनशिप, काँडो असोसिएशन (फ्लॅटवाल्यांची सोसायटी), घरमालक, बागकाम करणारा माणूस, हे सगळे बहुधा या दुसऱ्या वाटेवर असतात. छपाई केंद्र दुसऱ्याच राज्यात असू शकतं.

तुमचा चेक गेलाय का ते असं ओळखा:
- पेयी (पैसे घेणारा) जोडताना बिल पे ने पूर्ण टपाली पत्ता मागितला होता का? नावावरून यादीतून निवडता आलं असेल तर बहुधा इलेक्ट्रॉनिक.
- पेमेंटच्या तपशिलात चेक नंबर दिसतोय का? दिसत असेल तर प्रश्नच मिटला.
- 'डिलिव्हर बाय' (पोचण्याची अपेक्षित) तारीख पाठवल्यापासून पाच किंवा जास्त कामाच्या दिवसांनंतरची आहे का?

'पैसे खात्यातून गेले' याचा अर्थ 'पोचले' असा नाही. काही बँका चेक तुमच्याच खात्यावर काढतात. तो वटला की मगच पैसे कमी होतात. काही बँका पैसे आधी स्वतःकडे काढून घेतात आणि बिल पे संस्थेच्या खात्यावरचा चेक पाठवतात. तुमचे त्याच दिवशी गेले, म्हणजे दुसरा प्रकार. यात चेक वटला की नाही हे तुमच्या स्टेटमेंटमध्ये कधीच दिसत नाही, बँकेच्या बिल पे विभागाला विचारावं लागतं.

कवडसा | ११:०५

चेक नंबर आहे. डिलिव्हर बाय ६ फेब्रुवारी लिहिलंय. म्हणजे चूक बँकेचीच. तारीख त्यांनी दिली, पाळली त्यांनी नाही.

टपालवही | ११:३०

ती तारीख अंदाज आहे, पोस्टाचं वचन नव्हे. ३० जानेवारी शुक्रवार होता. दुपारच्या कट-ऑफनंतर दिलेली सूचना सोमवारी, २ तारखेला प्रक्रियेत जाते. त्या दिवशी छपाई, रात्री किंवा मंगळवारी पोस्टात. फर्स्ट क्लास पत्राला पोस्टाने १ ऑक्टोबर २०२१ पासून मानक १ ते ३ दिवसांवरून १ ते ५ दिवसांवर नेलंय, आणि मानक म्हणजे कमाल मर्यादा नव्हे. त्यातून टाउनशिपचा पत्ता पोस्ट बॉक्स किंवा बँकेच्या लॉकबॉक्सचा (टाउनशिपच्या वतीने बँक चेक गोळा करते तिथला) असेल तर पाकीट तिथे पोचणं आणि तुमच्या नावावर जमा होणं यात आणखी एक-दोन दिवस.

पोस्टाच्या इन्फॉर्म्ड डिलिव्हरी सेवेत शोधू नका. त्यात तुमच्या घरी येणाऱ्या टपालाचे फोटो दिसतात, बँकेने तिसऱ्याला पाठवलेलं पाकीट दिसत नाही.

पारावरचा | ११:४२

पण पोस्टाचा शिक्का १० तारखेच्या (सवलतीच्या शेवटच्या दिवसाच्या) आतला असेल तर व्याज लावता येत नाही. शिक्क्याची तारीख हीच भरल्याची तारीख धरतात. बँकेकडून तेवढा पुरावा मागा आणि ठामपणे सांगा.

हिशेबनीस | ११:५८

पारावरचा, हे इथे लागू नाही. शिक्क्याची तारीख धरायचा नियम फेडरल रिटर्न आणि पेमेंटसाठी आहे, इंटर्नल रेव्हेन्यू कोडच्या कलम ७५०२ मध्ये. न्यू जर्सीच्या टाउनशिप घराच्या टॅक्ससाठी शिक्का धरत नाहीत, हातात पडल्याची तारीख धरतात. बिलाच्या मागच्या बारीक अक्षरांतही हे सहसा लिहिलेलं असतं.

टॅक्स १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट, १ नोव्हेंबरला देय. बहुतेक ठिकाणी १० दिवसांची सवलत. त्या १० दिवसांत पैसे आले नाहीत तर व्याज ११ तारखेपासून लागत नाही, मागे जाऊन १ तारखेपासून लागतं. कायद्यातली कमाल मर्यादा थकबाकीच्या पहिल्या १,५०० डॉलरवर वर्षाला ८ टक्के, त्यावरच्या रकमेवर १८ टक्के, आणि बहुतेक टाउनशिप तीच कमाल लावतात.

कवडसा, रक्कम किती होती?

टपालवही | १२:०४

शिवाय बिल पे च्या पाकिटावर तारखेचा शिक्का बहुधा नसतोच. घाऊक टपाल परवान्याच्या छाप्यावर किंवा मीटरवर जातं. आणि हाताने टाकलेल्या पत्रालाही आता जपून राहायला हवं. शिक्का प्रक्रिया केंद्रातल्या मशीनवर बसतो, त्यावरची तारीख तुम्ही पत्र पेटीत टाकल्याच्या दिवसाचीच असेल असं नाही. पोस्टाने २४ डिसेंबर २०२५ पासून आपल्या नियमावलीतच हे स्पष्ट केलंय. जिथे शिक्क्याला किंमत आहे, उदा. एप्रिलमधलं रिटर्न, तिथे खिडकीवर जाऊन हाताने शिक्का मारून घ्या. त्याला पैसे पडत नाहीत.

पारावरचा | १२:१५

ठीक, फेडरलचा नियम इथे नाही हे मान्य. पण टाउनशिपच्या टॅक्स कलेक्टरला विनंती केली तर एवढंसं व्याज माफ करतात.

हिशेबनीस | १२:२२

करू शकत नाहीत. व्याज माफ करायचा अधिकार टॅक्स कलेक्टरला नाही. खिडकीवरच्या माणसाशी त्यावरून वाद घालण्यात दोघांचाही वेळ जातो.

कवडसा | १२:३०

२,४८० डॉलर. आता सरळ स्टॉप पेमेंट करून टाउनशिपच्या साइटवरून परत भरतो.

हिशेबनीस | १२:५०

थांबा, आधी स्टॉप करू नका! चेक टाउनशिपच्या टेबलावर पडलेला असेल आणि तुम्ही तो थांबवलात, तर तो परत जाईल, परत आलेल्या चेकची फी वेगळी लागेल आणि मूळ भरणाही रद्द होईल.

२,४८० वर व्याज दिवसाला साधारण ८२ सेंट. आजपर्यंत ९ डॉलरच्या आसपास. एक दिवस नीट चौकशीत गेला तर बिघडत नाही. क्रम असा ठेवा:

१. बँकेच्या साध्या ग्राहक सेवेला नाही, बिल पे विभागाला फोन. तीन गोष्टी मागा: चेक नंबर, तो नेमका कोणत्या पत्त्यावर गेला, वटलाय की नाही. वटला असेल तर पुढच्या-मागच्या बाजूची प्रत.
२. तोच चेक नंबर आणि रक्कम घेऊन टाउनशिपला परत फोन. तुमच्या नावाने नाही, चेक नंबरने शोधायला सांगा. चेकवर ठळक नाव बिल पे संस्थेचं किंवा तिच्या बँकेचं असू शकतं.
३. दोन्हीकडे पत्ता लागला नाही, तरच स्टॉप आणि नवा भरणा.

नवा भरणा करायची वेळ आली तर व्याजासकट भरा. आलेल्या पैशातून आधी व्याज वळतं होतं, मग मुद्दल. नुसते २,४८० भरलेत तर मुद्दलात ९ डॉलर बाकी राहतात आणि त्यावर व्याज चालूच राहतं.

सांजवात | १३:०५

बिल पे ची हमी असते ना, उशीर झाला तर लेट फी बँक देते?

हिशेबनीस | १३:१२

असते, बऱ्याच ठिकाणी ५० डॉलरपर्यंत. पण त्या करारातच बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की टॅक्स आणि कोर्टाने ठरवलेली देणी स्वतःच्या जोखमीवर पाठवा, त्यांना हमी नाही. हमी असते तिथेही डिलिव्हर बाय तारीख देय तारखेच्या आत यायला हवी. सवलतीचे दिवस त्यात धरत नाहीत. कवडसांची तारीख ६, देय १. म्हणजे हमी दोन्ही बाजूंनी गेली.

भटकंती | १३:४०

भारतात यूपीआयने दोन सेकंदात पावती मिळते. अमेरिकेत अजून चेक छापतात हे पटत नाही. आणि आता आपल्याकडे चेकही ४ ऑक्टोबर २०२५ पासून दिवसभर सतत क्लिअर होतात, पूर्वीसारखं दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागत नाही. इथूनच विचारतो, पुण्याचा मिळकतकर अमेरिकेतून भरायला कोणतं कार्ड चालतं?

व्यवस्थापक | १३:५२

भटकंती, मिळकतकरासाठी वेगळा धागा काढा. इथे कवडसांचं काम अडलेलं आहे.

निशिगंध | १४:१०

टाउनशिपच्या साइटवर कार्डाने भरलं तर पॉइंट्सही मिळतात.

सांजवात | १४:१६

कार्डाची फी अडीच-तीन टक्क्यांच्या घरात असते. २,४८० वर ६०-७० डॉलर. तेवढे पॉइंट्स कुठलं कार्ड देतं? ई-चेकची (खाते क्रमांक देऊन थेट बँक खात्यातून भरण्याची) फी एक-दोन डॉलर, कुठे कुठे शून्य.

हिशेबनीस | १४:३०

ई-चेक बरोबर, फक्त जपून. तिथे टाकलेला खाते क्रमांक त्या क्षणी कोणी तपासतोच असं नाही. एक आकडा चुकला तरी स्क्रीनवर 'यशस्वी' येतं आणि चार-पाच दिवसांनी भरणा परत जातो. तोवर १० तारीख उलटलेली असते. राउटिंग नंबर (बँकेचा ओळख क्रमांक) चेकच्या तळाशी छापलेला घ्या. बँकेच्या साइटवर वायरसाठी (बँकेतून बँकेत थेट पैसे पाठवण्यासाठी) वेगळा राउटिंग नंबर दिलेला असतो, तो इथे चालत नाही.

एकूण हिशेब एवढाच ठेवा: पैसे बँकेकडून ढकलू नका, घेणाऱ्याला ओढू द्या. क्रेडिट कार्डाचं बिल कार्डाच्या साइटवरून, टॅक्स टाउनशिपच्या साइटवरून. मग पावतीवर तारीख घेणाऱ्याची असते.

कवडसा | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

बिल पे विभागाशी बोललो. चेक २ तारखेला छापला, पत्ता बरोबर आहे, वटलेला नाही. मग टाउनशिपला चेक नंबर दिला. चेक त्यांच्याकडेच आहे! 'ओळख पटली नाही' अशा गठ्ठ्यात ठेवलेला होता. पाकिटावर त्यांचाच आवक शिक्का ९ फेब्रुवारीचा. ब्लॉक आणि लॉट नंबर (टॅक्सच्या नोंदीत जागा ओळखायचे आकडे) चेकवर होते, तरी म्हणे घर कोणतं ते कळलं नाही. असं कसं?

हिशेबनीस | ११:३५

काँडो आहे का?

कवडसा | ११:३८

हो. त्याचा काय संबंध?

हिशेबनीस | ११:५५

पूर्ण संबंध आहे. काँडोमध्ये ब्लॉक आणि लॉट अख्ख्या इमारतीला किंवा कॉम्प्लेक्सला एकच असू शकतो. तुमचं युनिट वेगळं कळतं ते क्वालिफायरवरून. बिलावर ब्लॉक, लॉट आणि तिसरा छोटा रकाना असतो, त्यात सी ने सुरू होणारा आकडा, उदा. सी०१०४. बिल पे च्या चेकसोबत टॅक्स बिलाची फाडायची चिठ्ठी जात नाही. चेकवर असतं ते पाठवणाऱ्याचं नाव, रक्कम, छापील सही, आणि तुम्ही पेयी जोडताना खाते क्रमांकाच्या रकान्यात टाइप केलं असेल ते, बस. तिथे क्वालिफायर नसेल तर त्या लॉटवरच्या शंभर युनिटांपैकी तुमचं कोणतं, हे चेक वाचणाऱ्याला नावावरून शोधावं लागतं. घराच्या नोंदीत जोडीदाराचं नाव आधी असेल तर तेही जुळत नाही.

पण तुमच्या हातात मोठी गोष्ट आहे: आवक शिक्का ९ चा, सवलत १० पर्यंत. इथे माफी मागायची गरजच नाही. पैसे मुदतीत मिळाले होते, जमा उशिरा झाले. ९ तारखेने जमा करायला सांगा, व्याज आपोआप शून्य होईल. ईमेलने लिहून मागा: ब्लॉक, लॉट, क्वालिफायर, चेक नंबर, रक्कम, आवक तारीख.

पारावरचा | १२:०५

म्हणजे शिक्काच कामी आला. पोस्टाचा नाही, टाउनशिपचा. हे मला माहीत नव्हतं.

टपालवही | १२:२०

टपालाचा हिशेबही बघा. २ ला छापलेला चेक ९ ला आवक. बर्फ पडलं असतं किंवा मध्ये सुट्टी असती तर १० गेलीच होती. १६ तारखेला प्रेसिडेंट्स डेची सुट्टी आहे, त्या सुमाराला इतर बिलं पाठवत असाल तर एक दिवस जास्त धरा.

कवडसा | १३ फेब्रुवारी, दुपारी ३:४०

ईमेल केला, तासाभरात उत्तर आलं. ९ तारखेने जमा केलंय, व्याज काढलंय. साइटवर बाकी शून्य दिसतेय. हिशेबनीस, टपालवही, मनापासून आभार. बिल पे मधला तो पेयी काढून टाकू का? मे चा हप्ता टाउनशिपच्या साइटवरून ई-चेकने भरेन.

हिशेबनीस | १५:५५

काढण्याआधी त्यावर आवर्ती पेमेंट लावलंय का ते बघा. लावलेलं असेल तर आधी ते रद्द करा आणि 'शेड्यूल्ड' यादीत मे ची नोंद उरली नाही याची खात्री करा. नाहीतर एप्रिलअखेर चेकही निघेल आणि ई-चेकही जाईल.

सांजवात | १६:०२

आणि काँडो असोसिएशनची मासिक वर्गणी कशी भरता? तीही बिल पे मधून असेल तर तिथेही चेकच जात असणार. युनिट नंबर टाकलाय का बघा.

कवडसा | १६:१०

बघितलं. तिथे खाते क्रमांकाच्या रकान्यात नुसतं माझं आडनाव आहे. आत्ताच बदलतो.